जोर ‘ली’वरच का?

अकरावीच्या जीवशास्त्रात मका, नारळ, ऊस, कांदा, केळ या सगळ्यांना मिळून एक विशेषण लागतं : मोनोकॉटिलीडनस. रोमन लिपीत सोळा अक्षरं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना त्यातली कल्पना नवी नसते. ‘एकबीजपत्री’ हा शब्द त्यांनी शाळेत वाचलेला असतो, मक्याचा नि चवळीचा दाणा ओल्या कापसावर रुजवून पाहिलेला असतो. अडतं ते तोंडात. धडा मोठ्याने वाचायला सांगितला की तोवर नीट चाललेला आवाज या शब्दापाशी खाली येतो, ‘मोनोकॉटी...’ एवढं ऐकू येतं, पुढचं गिळलं जातं आणि मूल घाईने पुढच्या ओळीवर जातं. सिंधुदुर्गातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि हे गिळणं मी दरवर्षी ऐकलं. हुशार मुलंही गिळायची. एका मुलीने तर स्वच्छच सांगितलं, “मॅडम, हा शब्द संपतच नाही.” मला त्याचं फार वाईट वाटे, कारण जो शब्द उच्चारता येत नाही त्या शब्दाने कुणी प्रश्न विचारत नाही.

असा लांब शास्त्रीय शब्द दोनदा फोडावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. एकदा अर्थासाठी आणि एकदा उच्चारासाठी. दोन्ही वेळा तो एकाच जागी फुटत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे पहिलं फोडणं थोडंफार शिकवतात. दुसऱ्याकडे कुणी पाहतच नाही. उच्चार हा ज्याचा त्याने ऐकून उचलायचा असतो असं धरून चालतात. गावातल्या मुलाने तो ऐकायचा कुठे?

आधी अर्थ घेऊ. ‘मोनो’ म्हणजे एक, एकटा. शेवटचं ‘अस’, स्पेलिंगमध्ये ओ-यू-एस, हा विशेषण करणारा प्रत्यय. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मधला गाभा म्हणजे कॉटिलीडन. ग्रीक भाषेत ‘कोटुले’ म्हणजे छोटा पेला, वाटी. त्याच नावाचं पातळ पदार्थ मोजायचं मापही होतं, आजच्या हिशेबाने साधारण पाव लिटरचं. त्यावरून ‘कोटुलेदोन’ म्हणजे वाटीसारखा खळगा. ऑक्टोपसच्या बाहूंवर ज्या चिकटणाऱ्या वाट्या असतात त्यांनाही ग्रीकांनी हाच शब्द लावला. पशुवैद्य आजही गाईच्या वारेवरच्या गाठींना कॉटिलीडनच म्हणतात. आणि आपली पानफुटी, जिचं पान नुसतं मातीवर टाकलं तरी कडेने रोपं फुटतात, तिचं पहिलं शास्त्रीय नाव लामार्कने ठेवलं तेही ‘कॉटिलीडन पिन्नाटा’. पुढे ती दुसऱ्या प्रजातीत गेली.

हा शब्द बियांकडे वळवला तो इटलीतल्या बोलोन्याच्या मार्चेल्लो मालपिगीने. पेशाने वैद्य. बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्याने १६६१ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, अंड्यातल्या पिलाची वाढ पाहिली, आणि मग तोच डोळा वनस्पतींकडे लावला. त्याचा वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचा ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७५ आणि १६७९ अशा दोन भागांत छापला. बीमधल्या त्या पहिल्या पानांना कॉटिलीडन म्हणायला सुरुवात झाली ती त्याच्यापासून. पण बीमध्ये असं पान एक आहे की दोन, या एवढ्याशा गोष्टीवर सगळ्या फुलझाडांची दोन गटांत वाटणी करता येते हे ओळखलं ते इंग्लंडमधल्या जॉन रे याने. इसेक्समधल्या ब्लॅक नॉटली गावच्या लोहाराचा हा मुलगा, जन्म १६२७चा. १६८२मध्ये त्याने वर्गीकरणाची आपली पद्धत मांडली आणि १७०३च्या सुधारित आवृत्तीत दोन्ही गटांना मोनोकॉटिलीडन आणि डायकॉटिलीडन ही नावं दिली.

इथे कोकणातल्या माणसाला जरा थांबावंसं वाटतं. याच काळात, १६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅमला ‘होर्तुस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचे बारा खंड निघत होते. त्यात वर्णन केलेली पहिलीच वनस्पती आहे नारळ, आणि पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांनी नागरीत लिहिलेली साक्ष छापलेली आहे. जॉन रे याने आपल्या ‘हिस्टोरिया प्लांटारम’ या मोठ्या ग्रंथासाठी हे खंड वापरले.

आणि नारळाइतकं चांगलं एकबीजपत्री उदाहरण दुसरं नाही. नारळ रुजत घातला की तीन डोळ्यांपैकी जो मऊ असतो त्यातून कोंब बाहेर येतो. बाहेरून एवढंच दिसतं. आत, जिथे पाणी असतं तिथे, एक पिवळसर, मऊ, स्पंजासारखा गोळा वाढू लागतो आणि काही महिन्यांत सगळी पोकळी भरून टाकतो. रोपासाठी ठेवलेला नारळ कुठल्याशा कारणाने फोडावा लागला की आम्ही पोरं तो गोडूस गोळा वाटून खात असू. तो गोळा म्हणजेच नारळाचं एकुलतं एक बीजपत्र, कॉटिलीडन. ते कधी हिरवं होत नाही, उन्हात येत नाही. खोबरं विरघळवून शोषायचं आणि वर वाढणाऱ्या रोपाला पोचवायचं हेच त्याचं काम. दोन बीजपत्रं पाहायची असतील तर काजू घ्या. काजूच्या व्यापारात अर्ध्या फुटलेल्या गराला ‘पाकळी’ म्हणतात. ती एक पाकळी म्हणजे एक पूर्ण बीजपत्र. ओला काजूगर सोलून दोन्ही पाकळ्या नखाने हलकेच अलग केल्या तर टोकाशी, दोघींच्या मध्ये, एक बारीकशी चोच दिसते. तेच भावी रोपाचं मूळ आणि कोंब. फणसाची आठळी कापून पाहिली तर तिथेही बीजपत्रं दोनच, पण एक मोठं आणि एक अगदी लहान. मी वर्गात आधी या तिन्ही गोष्टी टेबलावर ठेवायचे आणि शब्द त्यानंतर फळ्यावर लिहायचे.

आता उच्चाराकडे येऊ. पहिला प्रश्न ठोक्यांचा, ज्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. एक स्वर आणि त्याच्या आजूबाजूची व्यंजनं मिळून तोंडाची जी एक उघडझाप होते तो एक ठोका. हे आपल्याला नवं नाही, पण लिहिलेली अक्षरं मोजली तर फसगत होते. ‘फणस’ लिहिताना अक्षरं तीन, बोलताना ठोके दोन : फ-णस. शेवटचा स स्वतःचा स्वर टाकून मागच्या ण ला जाऊन मिळतो. ‘मोनोकॉटिलीडनस’मध्ये देवनागरीत आठ अक्षरं आहेत, ठोके सातच : मॉ-नअ-कॉ-टि-ली-ड-नस. शेवटचं ‘डनस’ अगदी ‘फणस’च्या चालीवर म्हणायचं. इंग्रजी स्पेलिंगकडे पाहून मोजणारा आणखी गोंधळतो. तिथला वाय हा इथे स्वराचं काम करतो, म्हणून ‘टि’. आणि ओ-यू-एस ही तीन अक्षरं मिळून जेमतेम एक ‘अस’. डायकॉटिलीडनसमध्ये ‘डाय’ हा एकच ठोका असल्याने तिथे एकूण सहा होतात.

ठोके सात, पण सातही सारखे नाहीत. मराठी बोलताना आपण शब्दातल्या अक्षरांना साधारण सारखी वागणूक देतो. कुठे थोडा आघात पडतोही, पण त्याची जागा बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. ‘रेकॉर्ड’मध्ये पहिल्या ठोक्यावर जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. जिथे जोर पडतो तो ठोका लांब, ठसठशीत आणि किंचित वरच्या सुरात येतो. बाकीच्यांचे स्वर आक्रसतात, बहुतेक वेळा आपल्या ‘अ’च्या जवळ जातात. ‘मोनो’मधला दुसरा ओ म्हणूनच ‘नो’ न राहता ‘नअ’ होतो आणि ‘डॉन’चा ‘डन’ होतो. मराठी माणसाला हे आक्रसलेलं ‘अ’ फुकट मिळालेलं आहे, ते आपल्या वर्णमालेचं पहिलंच अक्षर. कष्ट घ्यायचे ते फक्त जोर नेमका कुठे द्यायचा यासाठी.

शब्दकोशात हे दाखवलेलं असतं, पण ती खूण वाचायला कुणी शिकवत नाही. डॅनिअल जोन्सचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली निघाला. त्याच्या वळणाच्या ब्रिटिश कोशांत ठोक्याच्या आधी, वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ दिसली की तो मुख्य आघात. तशीच रेघ खालच्या बाजूला असली तर दुय्यम आघात. आपल्या शब्दात मुख्य रेघ ‘ली’च्या आधी आहे. खालच्या रेघा ‘मॉ’ आणि ‘कॉ’ यांच्या आधी आहेत. म्हणजे शब्द चालतो तो असा : मॉनअ, कॉटि, लीडनस. दोन, दोन आणि तीन. प्रत्येक तुकड्याचा पहिला ठोका भरीव, बाकीचे हलके. आणि तीन भरीव ठोक्यांत ‘ली’ सगळ्यात मोठा. हे तीन तुकडे सुटे म्हणून पाहावेत, मग जोडावेत. वर्गात मुलं हे बाकावर हाताने वाजवून म्हणायची आणि दोनचार वेळा म्हटल्यावर तो ‘न संपणारा’ शब्द एका दमात संपायचा.

पण ‘ली’च का? हे पाठ करायचं असेल तर प्रत्येक शब्दासाठी निराळं पाठांतर आलं, आणि वनस्पतिशास्त्रात असे शब्द शेकड्याने आहेत. सुदैवाने यामागे कारण आहे, आणि ते ज्या गोष्टीवर उभं आहे ती मराठी मुलांना शाळेत वृत्तं शिकताना भेटलेली असते : लघू आणि गुरू.

ग्रीकमध्ये या शब्दाचा स्वराघात अगदी शेवटी, ‘दोन’वर होता. पण युरोपातल्या पंडितांनी ग्रीक शब्द घेतले ते लॅटिनच्या वाटेने, आणि लॅटिनचा कायदा वेगळा. लॅटिनमध्ये शेवटचा ठोका सोडून द्यायचा आणि त्याच्या आधीचा, म्हणजे उपान्त्य ठोका पाहायचा. तो गुरू असेल तर जोर त्याच्यावर. लघू असेल तर एक पाऊल मागे सरकायचं आणि तिथे, तो कसाही असला तरी, जोर द्यायचा. गुरू कशाला म्हणायचं याची व्याख्याही जवळजवळ आपलीच. स्वर दीर्घ असेल तर गुरू. स्वर ऱ्हस्व असला पण त्याच्यामागून दोन व्यंजनं एकत्र येत असली तरी गुरू. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं हे आपण कवितेच्या मात्रा मोजताना शिकलो, तोच हा नियम. इंग्रजीने लॅटिनकडून हजारो शब्द घेतले तेव्हा, ‘अस’ने संपणाऱ्या विद्वत्तेच्या विशेषणांना हा कायदाही मागोमाग आला.

आता कॉटिलीडन पाहा. ग्रीक लिपीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगवेगळी अक्षरं आहेत, जशी आपल्याकडे इ आणि ई. या शब्दात दीर्घ ए आहे. नामात ‘ली’ उपान्त्य आहे आणि गुरू आहे, म्हणून जोर त्याच्यावर : कॉटि-ली-डन. विशेषण करताना मागे ‘अस’ लागला, एक ठोका वाढला, उपान्त्य जागी आता ‘ड’ आला. तो लघू. म्हणून एक पाऊल मागे, म्हणजे पुन्हा ‘ली’च. दोन वेगळ्या कारणांनी जोर एकाच जागी राहिला. आणि शेवटच्या तीन ठोक्यांची चाल आपण गणांच्या सूत्रातही म्हटलेली आहे : य-मा-ता-रा-ज-भा-न-स मधला भ गण, भा-न-स, एक गुरू आणि दोन लघू. भानस, लीडनस. हे दोन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडायचा त्यासाठी मी हा तास दरवर्षी राखून ठेवायचे.

सगळेच शब्द इतके सरळ नसतात; बहुतेकांत जोर जागा सोडतो आणि तिथेच गंमत आहे. ‘कार्निव्होर’ म्हणजे मांसाहारी, जोर ‘का’वर. विशेषण केलं की ‘व्हो’ आक्रसून लघू होतो आणि जोर ‘नि’वर येतो : कार्निव्हरस. दवबिंदू आणि घटपर्णी यांसारख्या कीटकभक्षी झाडांना हेच विशेषण लागतं. ‘कॉनिफर’चं ‘कनिफरस’ होतं, पहिल्या ठोक्यावरचा जोर दुसऱ्यावर. ‘लेग्यूम’ म्हणजे शेंग, जोर ‘ले’वर, त्याचं ‘लिग्यूमिनस’ झालं की जोर ‘ग्यू’वर, कारण ‘मि’ लघू आहे. या उलट ‘अँजिओस्पर्म’मध्ये जोर सुरुवातीला ‘अँ’वर, पण ‘अँजिओस्पर्मस’ म्हणताच तो उडी मारून ‘स्पर’वर जातो, कारण र आणि म असं जोडाक्षर पुढे आल्याने तो ठोका गुरू झाला. ‘सिन्कार्पस’मध्ये तसाच ‘का’वर. वाटाण्याच्या फुलात दहा पुंकेसरांपैकी नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा असतो, त्याला ‘डायअडेल्फस’ म्हणतात; ‘अडेल्फॉस’ म्हणजे भाऊ, आणि ल-फ या जोडीमुळे जोर ‘डेल’वर.

पाकळ्यांच्या शब्दांत ‘पेटल’ येतो. बेंथम आणि हूकर यांच्या ज्या वर्गीकरणावर, म्हणजे १८६२ ते १८८३ या काळात निघालेल्या ‘जेनेरा प्लांटारम’वर, आपल्या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षं उभा राहिला, त्यात द्विबीजपत्रींचे दोन मोठे विभाग पाकळ्या सुट्या की जुळलेल्या यावरून केलेले आहेत. पॉलिपेटलस आणि गॅमअपेटलस. दोन्हीत ‘ट’ लघू, म्हणून जोर ‘पे’वर. इतकं कळलं की सेपल असो, पेटल असो, सगळं एका फटक्यात सुटतं.

आता मी आधी म्हटलं ती खरी अडचण. अर्थाचा सांधा आणि उच्चाराचा सांधा एकाच जागी नसतो. बीजांडकोश वर आणि बाकीचे पुष्पदल त्याच्या खाली जोडलेले, अशा फुलाला वर्गात सगळे ‘हायपोगायनस’ म्हणतात, कारण डोळ्यांना ‘हायपो’ आणि ‘गायन’ असे दोन ओळखीचे तुकडे दिसतात. अर्थासाठी तसंच फोडायला हवं : हायपो म्हणजे खाली, गायन म्हणजे स्त्री-अवयव. पण उच्चारात ‘गायन’मधला स्वर ऱ्हस्व आहे, उपान्त्य लघू आहे, म्हणून जोर मागे सरकून थेट ‘हायपो’च्या शेपटीवर पडतो : हाय-पॉ-जि-नस. अर्थाचा सांधा होता ‘पो’ आणि ‘गाय’ यांच्या मध्ये, आणि जोराने पकडले ते नेमके त्या सांध्यालगतचेच ठोके. ‘एपिगायनस’चं तसंच ‘इपिजिनस’. ज्या मुलाने हा शब्द फक्त वाचला आहे त्याला इंग्रजी व्याख्यानातला ‘हायपॉजिनस’ ऐकून तो आपलाच शब्द आहे हे कळतही नाही. शिकलेलं असून ओळखता न येणं, हे मला न वाचता येण्याहून वाईट वाटतं.

‘मोनो’ची कथाही अशीच. मोनोकॉटिलीडनसमध्ये त्याचा पहिला ठोका ‘मॉ’ असा ठसठशीत आहे. पण नर आणि मादी फुलं एकाच झाडावर असली की जे विशेषण लागतं, नारळाला आणि मक्याला लागतं तेच, ते ब्रिटिश कोशात ‘मनीशस’ असं आहे. मोनो अधिक ‘ऑइकॉस’, म्हणजे एक घर. जोर ‘नी’वर गेला आणि बिचारा ‘मो’ नुसता ‘म’ उरला. नारळ एकाच वेळी मोनोकॉटिलीडनस आणि मनीशस आहे, एकाच उपसर्गाचे दोन उच्चार घेऊन.

हा नियम कुठे हुकतो? ‘हर्बेशस’सारखे शब्द हुकल्यासारखे दिसतात, जोर शेवटून दुसऱ्यावर दिसतो. पण लॅटिनमध्ये त्याचे ठोके चार होते. इंग्रजीने शेवटचे दोन दाबून एकच ‘शस’ केला. जोर जिथे होता तिथेच आहे. ‘मार्व्हलस’मध्ये दोन एल आहेत तरी जोर पहिल्यावर, कारण तो शब्द फ्रेंचमधून तयार होऊन आला आणि दुसरा एल केवळ लिहिण्यापुरता. याच्या उलट ग्रीक ‘फिलॉन’, म्हणजे पान, यातले दोन ल खरेच उच्चारले जात, म्हणून ‘एपिफिलस’, पानावर उगवणारं, यात जोर ‘फि’वर. खरी ओढाताण दिसते ती ‘होमोस्पोरस’ या शब्दात. कोशांत त्याचे दोन उच्चार मिळतात : ‘हमॉस्परस’ आणि ‘होमअस्पोरस’. पहिला कायद्याप्रमाणे, ग्रीकमधला ओ ऱ्हस्व म्हणून. दुसऱ्याला इंग्रजीतला ‘स्पोर’ हा रोजचा शब्द स्वतःकडे ओढून घेतो. मी दोन्ही चालवून घेत असे.

स्पेलिंगचा एक गुंता इथेच सुटतो. मुलं शेवटचा ‘अस’ कधी यू-एस लिहितात, कधी ओ-यू-एस, आणि दोन्हीचा उच्चार एकच असल्याने कानाचा उपयोग नसतो. यू-एस हा लॅटिन नावाचा शेवट. फणसाचं शास्त्रीय नाव ‘आर्टोकार्पस हेटेरोफायलस’, दोन्ही शब्द यू-एसने संपतात. ‘वेगवेगळ्या आकाराची पानं असलेलं’ अशा अर्थी इंग्रजी वाक्यात विशेषण म्हणून ‘हेटरफिलस’ लिहिलं तर तिथे ओ-यू-एस. नाव असेल तर यू-एस, गुण सांगत असेल तर ओ-यू-एस. वनस्पतिशास्त्रात एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं.

आपल्या उच्चाराची लाज बाळगावी असं मी मुळीच म्हणत नाही. बोटॅनिकल लॅटिनवरचा सर्वात मान्य ग्रंथ लिहिणारे विल्यम स्टर्न यांनी १९६६ सालीच लिहून ठेवलं आहे की ही मुळात लिहिण्याची भाषा. नावं कशी उच्चारता याला फार महत्त्व नाही, ती कानाला बरी वाटली आणि समोरच्याला कळली म्हणजे झालं. हे त्यांनी लॅटिन नावांबद्दल म्हटलं, पण इंग्रजी विशेषणांनाही मी तेच लावेन. मालवणच्या मुलीने मालवणच्या सुरात ‘मोनोकॉटिलीडनस’ म्हणावं. फक्त तिला जोर ‘ली’वर आहे हे माहीत असावं, म्हणजे तो शब्द समोरून आला तर ओळखता येईल आणि आपल्याकडून गेला तर पोचेल.

शास्त्र पुढे गेलं तरी हे विशेषण टिकून आहे. १९९८ साली अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या नावाने वनस्पतिशास्त्रज्ञांनी डीएनएच्या आधारे फुलझाडांची नवी मांडणी जाहीर केली. तीत एकबीजपत्री हा गट खरा ठरला, एकाच पूर्वजाची वंशावळ, सुमारे ६० हजार जातींची. द्विबीजपत्री हा मात्र तसा एकसंध गट निघाला नाही. आपल्या परसातली मिरी, दालचिनी, जायफळ, सीताफळ आणि सोनचाफा त्यातून बाजूला निघाले, आणि उरलेल्या मोठ्या समूहाला नवं नाव मिळालं, यूडायकॉट. त्याचंही विशेषण पूर्ण म्हणायचं तर यू-डाय-कॉटि-लीडनस. पुढे दोन ठोके लागले काय किंवा चार लागले काय, मोजणी शेवटून होते, म्हणून ‘ली’ला काहीच धक्का लागत नाही.

कुठला तुकडा गुरू आणि कुठला लघू हे ओळखायला ग्रीक शिकावं लागत नाही, कारण तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. कार्प, स्पर्म, मॉर्फ, अँथ, फिल, डेल्फ हे गुरू. त्यांच्यावर जोर थांबतो. पेटल, सेपल यांचं शेवटचं अक्षर, तसंच गायन, ट्रोप, व्होर, फर हे लघू. ते जोर मागे ढकलतात. बीजांडाच्या धड्यात तीन शब्द येतात, ते वर्गात ऑर्थोट्रोपस, ॲनाट्रोपस आणि कॅम्पिलोट्रोपस असे म्हटले जातात. ‘ट्रोप’ लघू, म्हणून एक पाऊल मागे : ऑर्थॉट्रपस, अनॅट्रपस, कॅम्पिलॉट्रपस. एंडोस्पर्मच्या धड्यात ‘स्पर्म’ येतोच, विशेषण केलं की तो जोर स्वतःकडे ठेवतो. कोथिंबीर, जिरं, ओवा आणि बडीशेप यांच्या कुळाचं जुनं नाव अंबेलिफेरी. त्याचं विशेषण पाच ठोक्यांचं आहे, अं-बे-लि-फ-रस, आणि त्यातला ‘फर’ तोच, वर लघूंच्या यादीत आलेला. जोर कुठे पडेल ते आता वाचणाऱ्यानेच म्हणून पाहावं.